घरी सूत रंगवताना रंगाची पूड कशी मोजावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सोलापुरात चादरी, टॉवेल आणि भिंतीवर लावायची जेकार्डची चित्रे विणली जातात, त्यामुळे रंगीत सुताची गरज या शहराला रोजची आहे. मोठा माल डायिंगच्या कारखान्यातून रंगून येतो. परंतु घरी एखादा हातमाग चालवणाऱ्याला, क्रोशाचे काम करणाऱ्या गृहिणीला किंवा नवीन डिझाइनचा नमुना विणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शंभर ग्रॅम, पाव किलो सूत हव्या त्या शेडमध्ये कोणी रंगवून देत नाही. अशी मंडळी घरीच रंगवायला बसतात आणि पहिल्या एक-दोन खेपांनंतर एकच तक्रार करतात, की मागच्या वेळी आलेली शेड या वेळी येत नाही. पाणी, सूत, तापमान, वेळ या सगळ्यांवर संशय घेतला जातो आणि पुष्कळदा दोष निघतो तो पूड मोजण्यात. म्हणून या लेखात रंगवण्याची सगळी प्रक्रिया न सांगता फक्त मोजणीचा भाग घेतला आहे. उदाहरणे सुती धाग्यावर चालणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांची (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांची) आहेत, कारण कोमट पाण्यात काम करणारा त्यातला ‘कोल्ड ब्रँड’ हा प्रकार घरगुती कामाला सर्वांत सोयीचा पडतो.

मोजणीला हात घालण्यापूर्वी सुरक्षिततेचे बोलले पाहिजे. रिॲक्टिव्ह रंगाची कोरडी पूड अतिशय बारीक असते आणि ती वारंवार श्वासातून आत गेली तर काहींना कायमची ॲलर्जी जडते, दमाही होऊ शकतो. एकदा शरीर त्या रंगाला असे संवेदनशील झाले, की पुढे चिमूटभर पूडही त्रास द्यायला पुरते. त्यामुळे पूड उघडी असेपर्यंत नाकातोंडावर एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे असावेत. पंखा बंद करावा. त्याने दोन कामे होतात, पूड उडत नाही आणि वजनकाटाही स्थिर राहतो. टेबलावर ओले वर्तमानपत्र अंथरले, की सांडलेली पूड त्यातच अडकते. स्वयंपाकघरातील चमचा, वाटी, पातेले या कामाला एकदा वापरले, तर ते परत स्वयंपाकघरात जाऊ नये. रंग सुतावर पक्का बसवण्यासाठी लागणारा सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) चांगलाच अल्कधर्मी असल्याने त्याचा कण डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने बराच वेळ डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावे. लहान मुले घरात असतील तर रंगकाम ती शाळेत असताना करावे, हे सांगायला नकोच.

सुरुवात सुताच्या वजनापासून

रंगाचे प्रमाण नेहमी सुताच्या वजनावर टक्क्यांत सांगतात. ‘दोन टक्के शेड’ म्हणजे १०० ग्रॅम सुताला २ ग्रॅम रंग, किलोला २० ग्रॅम. पाणी किती घेतले यावर रंगाचे वजन ठरत नाही. मीठ आणि सोडा मात्र पाण्याच्या मापावर, म्हणजे लिटरला इतके ग्रॅम, असे ठरतात. नवशिक्यांचा घोटाळा बहुधा इथेच होतो: पाणी वाढवले म्हणून ते रंगही वाढवतात आणि शेड गडद येते.

तेव्हा पहिले मोजमाप सुताचे. हातमागाचे सूत आटीच्या, म्हणजे गुंडाळलेल्या लडीच्या, रूपात येते आणि गठ्ठा परंपरेने १० पौंडांचा, म्हणजे ४.५४ किलोचा असतो. आटी पूर्ण ८४० यार्डांची असेल तर सुताच्या नंबरवरून तिचे वजन काढता येते, कारण एका पौंडात जितक्या आट्या बसतात तितका त्या सुताचा नंबर. एकेरी २० नंबरची एक आटी ४५४ भागिले २०, म्हणजे सुमारे २२.७ ग्रॅम भरते. दुहेरी पिळाच्या २० नंबरची, ज्याला बाजारात ‘दोन-वीस’ म्हणतात, तिची आटी सुमारे ४५.४ ग्रॅम. काट्यावर यापेक्षा बराच वेगळा आकडा आला तर आटीची लांबी कमी-जास्त आहे, सुताचा नंबर वेगळा आहे, किंवा काटा बिघडलेला आहे. तीन शक्यतांपैकी कोणती खरी ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सूत कधी तोलायचे, हाही प्रश्न आहे. कोऱ्या सुतात नैसर्गिक मेण, चिकटा आणि धूळ असते. सोडा-साबणात उकळून ते साफ केल्यावर वजन शेकडा चार ते आठने घटते. शिवाय कापूस हवेतील ओलावा शोषून घेतो. प्रमाणित हवेत सुताचा ओलावा साडेआठ टक्के धरतात, जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत तो याहून वाढतो आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत बराच उतरतो. यावर व्यवहारी तोड अशी, की सूत उकळून, धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून घ्यावे, त्याच दिवशी तोलावे आणि वजनाची चिठ्ठी आटीलाच बांधावी. ओल्या सुताचे वजन अंदाजाने कोरड्यात फिरवण्याच्या भानगडीत पडू नये.

चमचा कुठे चालतो आणि कुठे नाही

घरात सर्वांत हाताशी असणारे माप म्हणजे चमचा, पण चमचा आकारमान मोजतो आणि आपल्याला वजन हवे असते. या दोहोंतले अंतर पुडीपुडीनुसार बदलते. उत्तम उदाहरण सोडा ॲशचे आहे. बाजारात तो ‘लाइट’ आणि ‘डेन्स’ अशा दोन रूपांत मिळतो. रसायन एकच, पण लाइट सोड्याचा सपाट भरलेला ५ मिलिलिटरचा चमचा सुमारे पावणेतीन ग्रॅम भरतो, तर डेन्स सोड्याचा पाच ग्रॅमच्या आसपास. दुकानदाराने या वेळी दुसऱ्या पोत्यातला सोडा बांधून दिला आणि तुम्ही मागच्याइतकेच चमचे टाकले, तर सोडा जवळपास दुप्पट होतो.

त्याहून मोठा फरक पाण्याच्या रेणूंचा. किराणा दुकानातील स्फटिकरूप धुण्याचा सोडा म्हणजे पाणी धरून ठेवलेला सोडा ॲशच. १० ग्रॅम सोडा ॲशचे काम करायला तो सुमारे २७ ग्रॅम लागतो. मिठाऐवजी वापरल्या जाणाऱ्या ग्लॉबर सॉल्टचेही (सोडियम सल्फेटचेही) तसेच आहे: निर्जल १० ग्रॅमच्या जागी स्फटिकरूप सुमारे २२.७ ग्रॅम. खाण्याचा सोडा मात्र वेगळे रसायन आहे, त्याला सोडा ॲशच्या जागी धरू नये. पाकिटावर नेमके काय लिहिले आहे ते वाचून मगच तोलावे. नाव सारखे वाटले म्हणून माप सारखे होत नाही.

रंगाच्या पुडीच्या बाबतीत चमचा आणखी अविश्वसनीय ठरतो. कारखान्यात रंगाची तीव्रता ठरावीक पातळीवर आणण्यासाठी त्यात मीठ किंवा सोडियम सल्फेट मिसळतात, धूळ उडू नये म्हणून थोडे तेलही लावतात आणि काही रंग पुडीऐवजी दाणेदार स्वरूपात येतात. पिवळ्या रंगाचा चमचा आणि निळ्या रंगाचा चमचा यांची वजने जुळतील अशी अपेक्षाच करू नये. एकाच रंगाच्या दोन लॉटमध्येही फरक असतो.

तरीही मी चमच्याला हद्दपार करत नाही. मिठात पाच टक्के इकडेतिकडे झाले तर शेडवर दिसेल असा परिणाम होत नाही, त्यामुळे मिठासाठी चमचा किंवा वाटी खुशाल वापरावी, फक्त तिचे वजन एकदा ठरवून घ्यावे. रीत अशी: चमचा पुडीत बुडवून ढीगभर उचलावा, टेबलावर आपटू नये, बोटाने दाबू नये, आणि पट्टीची सरळ कड चमच्याच्या काठावरून एकाच दिशेने फिरवून वरचा ढीग खाली पाडावा. असे दहा चमचे एकाच भांड्यात टाकून एकदम तोलावे आणि दहाने भागावे. ही दहाची फेरी दोन-तीन वेळा करून पाहिली, की आपला हात किती सारखा चालतो तेही कळते. दर फेरीचे वजन पाच टक्क्यांच्या आत जुळत असेल तर मीठ-सोड्यासाठी तो चमचा ठीक. चमच्यावर पदार्थाचे नाव आणि वजन पक्क्या शाईने लिहावे. नवीन पाकीट उघडले की ही तपासणी पुन्हा करावी. रंगासाठी मात्र काटाच हवा.

मीठ घेताना एक बारीकशी गोष्ट पाहावी. खड्याच्या मिठात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते, आणि सोलापूरच्या बोअरचे पाणी आधीच जड. दोन्ही मिळून सोड्याबरोबर पांढरा साका धरतात व सुतावर डाग उठतात. बारीक स्वच्छ मीठ आणि शक्यतो नळाचे साठवलेले पाणी वापरल्यास हा त्रास कमी होतो.

काटा निवडणे आणि पारखणे

खिशात मावणारे डिजिटल काटे आता स्वस्तात मिळतात. त्यांच्यावर दोन आकडे छापलेले असतात: जास्तीत जास्त किती तोलतो आणि कमीत कमी किती दाखवतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा प्रत्यक्षात आकडा जवळच्या ०.१ वर नेऊन ठेवतो, म्हणजे ०.०५ ग्रॅमची चूक त्यात गृहीतच असते. ही चूक ५ ग्रॅम तोलताना एक टक्का होते आणि अर्धा ग्रॅम तोलताना दहा टक्के. फिक्या शेडमध्ये दहा टक्क्यांचा फरक कुणालाही दिसतो. यावरून एक ठोकताळा हाती लागतो: काटा जितके बारीक दाखवतो त्याच्या पन्नास पटींपेक्षा कमी वजन त्यावर तोलू नये. ०.१ च्या काट्यावर निदान ५ ग्रॅम, ०.०१ च्या काट्यावर निदान अर्धा ग्रॅम. स्वस्त काट्यांवरील दुसरा दशांश आकडा बराचसा शोभेचा असतो, म्हणून तिथेही मी एक ग्रॅमच्या खाली जायला राजी नसतो.

नवा असो वा जुना, काटा पारखल्याशिवाय वापरू नये. पारखायला नाणी उत्तम. २०१२ ते २०१८ या सालांची एक रुपयाची नाणी ३.७९ ग्रॅमची, दोन रुपयांची ४.८५ ग्रॅमची आणि पाच रुपयांची बरोबर ६ ग्रॅमची आहेत. त्यानंतर आलेल्या, धान्याच्या लोंबीची नक्षी असलेल्या मालिकेची वजने वेगळी आहेत, म्हणून सरमिसळ करू नये. झिजलेली, कळकट नाणी टाळून पाच रुपयांची दहा स्वच्छ नाणी घ्यावीत. ती ६० ग्रॅम भरली पाहिजेत. मग एकेक नाणे काढत आकडा सहा-सहाने उतरतो का ते पाहावे. वरच्या वजनाला बरोबर आणि खालच्याला चुकीचा असा काटा असू शकतो, आणि आपले काम खालच्या वजनांतच चालते. पाण्यानेही पडताळा घेता येतो: १० मिलिलिटर पाणी जवळजवळ १० ग्रॅम भरते, फक्त सिरिंजची स्वतःची चूक त्यात मिसळते. ओळखीचा सराफ असेल तर घरातले एखादे छोटे पितळी वजन त्याच्या काट्यावर एकदा तोलून आणावे आणि ते वजन पारखणीसाठीच जपून ठेवावे. गुंजेच्या हिशेबात सोने तोलणाऱ्यांच्या धंद्यात एका गुंजेचे वजन साधारण ०.१२ ग्रॅम होते. आपल्याला रंगकामात लागणारी अचूकता त्याच पातळीची आहे, हे लक्षात घेतले की या खटाटोपाचे कारण पटते.

काट्याची जागा सपाट आणि दगडी असावी. फरशीचा ओटा किंवा खिडकीतली कडप्पा फरशी चांगली. शेजारच्या खोलीत यंत्रमाग चालू असेल तर त्याची धडधड फरशीतून येऊन आकडा नाचवते, हा अनुभव सोलापूरच्या पूर्व भागातील, म्हणजे विणकर वस्तीतील, घरांत नवा नाही. अशा वेळी माग बंद असतानाच तोलावे. काटा सुरू करून काही मिनिटे तसाच ठेवावा, बॅटरी उतरलेली नसावी आणि एसी किंवा कूलरचा झोत त्यावर नसावा.

काटा नसेल तर साधा दोन पारड्यांचा तराजूही उपयोगी पडतो, मात्र घरी केलेल्या तराजूच्या दोन भुजा क्वचितच सारख्या असतात. त्यावर जुनी युक्ती आहे. डाव्या पारड्यात हव्या त्या वजनाची नाणी ठेवावीत आणि उजव्या पारड्यात वाळू टाकत दांडी आडवी करावी. मग वाळूला हात न लावता डावीकडील नाणी काढून त्याच पारड्यात दांडी पुन्हा आडवी होईपर्यंत पूड टाकावी. पूड आणि नाणी एकाच पारड्यात, एकाच भुजेवर तोलली गेल्याने भुजा लहान-मोठ्या असल्या तरी फरक पडत नाही. पूड कागदावर घेणार असाल तर तोच कागद नाण्यांखालीही असला पाहिजे.

प्रत्यक्ष तोलणे

पूड तोलायला प्लास्टिकचा पेला घेऊ नये. उन्हाळ्यात सोलापूरची हवा इतकी कोरडी असते, की प्लास्टिकवर विद्युतभार साठतो आणि बारीक पूड त्याच्या कडांना चिकटते. काही वेळा काट्यावरील आकडाही त्यामुळे सरकतो. बटर पेपरचा तळहाताएवढा चौकोन घ्यावा, तो कर्णावर दुमडून पुन्हा उलगडावा, म्हणजे मधोमध पन्हळ तयार होते. पूड या पन्हळीत पडते आणि ओतताना एका टोकाने सरळ भांड्यात घसरते.

डिजिटल काट्याची एक खोड माहीत असली पाहिजे. शून्याच्या आसपास आकडा हळूहळू सरकला तर पुष्कळ काटे ते स्वतःची चूक समजतात आणि आकडा गुपचूप पुन्हा शून्यावर आणतात. आपण चिमटीने पूड सोडत असतो, ती कागदावर दिसत असते आणि काटा मात्र ०.० दाखवत राहतो. मग एकदम ०.३ वर उडी मारतो. तोपर्यंत खरी पूड किती पडली हे कोणालाच ठाऊक नसते. यासाठी कागद ठेवल्यावर शून्याचे बटण दाबू नये. कागदावर पाच रुपयांचे एक नाणे ठेवून जो आकडा येईल तो लिहून घ्यावा, त्यात हवे ते वजन मिळवावे आणि त्या बेरजेपर्यंत पूड टाकावी. काटा शून्यापासून दूर असल्याने त्याची ही खोड आड येत नाही. शेवटी कागद उचलून पुन्हा ठेवावा. आकडा तोच आला तर बरोबर.

पूड काढायला आइस्क्रीमची लाकडी काडी चांगली. हवे त्याच्या नऊ दशांश पूड एकदम टाकावी, उरलेली काडीच्या टोकावर घेऊन काडीला बोटाने हलकेच टिचकी मारत सोडावी. जास्त पडली तर काडीने उचलून घ्यावी, पण ती परत डब्यात टाकू नये. वेगळ्या बाटलीत ठेवावी. पूड भांड्यात ओतल्यावर नाण्यासह रिकामा कागद परत तोलावा. कागदाला पूड चिकटून राहिली असेल तर आकडा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा जास्त येतो आणि तेवढा रंग भांड्यात गेलेला नसतो. पूड असतानाच्या आकड्यातून हा ओतल्यानंतरचा आकडा वजा केला, की येते ते भांड्यात पडलेले खरे वजन. वहीत तेच लिहावे.

डबा उघडा ठेवण्याची वेळ कमीत कमी असावी. पावसाळ्यात पूड ओलावा धरते, गोळे होतात आणि तोललेल्या वजनात पाण्याचा वाटा वाढतो. कोल्ड ब्रँडचे रंग तर ओलाव्याने हळूहळू निकामीच होतात. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवून त्यावर रंगाचे नाव, लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख लिहावी. सुटी, नाव नसलेली पुडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बेन्झिडिनवर आधारित आणि इतर काही ॲझो रंगांवर भारतात बंदी आहे आणि निनावी पुडीत काय आहे ते सांगायला कोणी येत नाही.

थोड्या रंगासाठी द्रावणाचा मार्ग

आता मुख्य मुद्दा. शंभर ग्रॅम सुताला ०.०५ टक्के निळा रंग हवा असेल तर तो ०.०५ ग्रॅम होतो, आणि एवढी पूड घरगुती काट्यावर तोलताच येत नाही. कितीही महाग खिसाकाटा घेतला तरी या टोकाला त्याचा भरवसा नाही. डायिंगच्या प्रयोगशाळेत नमुने काढताना जे करतात तेच घरी करावे: काट्याला झेपेल एवढी पूड एकदाच तोलावी, ती ठरावीक पाण्यात विरघळवावी आणि पुढे द्रव मोजावा. ५ ग्रॅम रंगाचे ५०० मिलिलिटर द्रावण केले, की ते एक टक्क्याचे झाले. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ०.०१ ग्रॅम रंग आहे. वरच्या उदाहरणातील ०.०५ ग्रॅम म्हणजे ५ मिलिलिटर, आणि ते औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिरिंजने सुई न लावता मोजता येते.

द्रावण करताना ‘५०० मिलिलिटर पाण्यात’ रंग टाकायचा नसून ‘५०० मिलिलिटरपर्यंत’ द्रावण न्यायचे असते. आधी तोललेल्या पुडीत दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून गुठळी न राहता लापशीसारखी पेस्ट करावी. कोल्ड ब्रँडसाठी पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे. मग थोडे थोडे पाणी घालत विरघळवावे, बाटलीत ओतावे, भांडे दोनदा विसळून तेही पाणी बाटलीत घ्यावे आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी भरावे. ही खूण बाजारच्या पाण्याच्या बाटलीवरील छापील आकड्यावरून धरू नये. रिकामी बाटली काट्यावर ठेवून त्यात ५०० ग्रॅम पाणी भरावे आणि पातळी जिथे येईल तिथे पक्क्या शाईची रेघ ओढावी. सोडा या द्रावणात कदापि पडू देऊ नये. तो पडला की रंग सुताऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून वाया जातो.

द्रावण किती दिवस टिकते हे रंगाच्या जातीवर आणि हवेवर अवलंबून आहे. कोल्ड ब्रँडचे द्रावण थंड जागेत काही दिवस चालते. मे महिन्यात पारा चाळिशीपुढे असताना मी ते त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावे अशा मताचा आहे. खाद्यपदार्थांच्या फ्रिजमध्ये ते ठेवू नये. उरलेल्या जुन्या द्रावणाने काम केले तर आकडे बरोबर असूनही शेड फिकी येते आणि माणूस उगाच काट्याला दोष देत बसतो.

सिरिंज वाचताना दट्ट्याच्या रबराची पुढची, म्हणजे तोंडाकडील कड पाहावी. मागची कड पाहिली तर माप चुकते. आत बुडबुडा असेल तर सिरिंज उभी धरून, टिचकी मारून तो वर आणावा आणि बाहेर काढावा. २ मिलिलिटरचे काम २० मिलिलिटरच्या सिरिंजने करू नये. दोन मिलिलिटरपेक्षाही कमी लागत असेल तर एक टक्क्याच्या द्रावणातले १० मिलिलिटर घेऊन त्याचे १०० मिलिलिटर करावे, ते ०.१ टक्क्याचे झाले आणि मोजायचे माप दसपट मोठे झाले. प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज ठेवावी.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. १०० ग्रॅम सूत तपकिरी रंगवायचे आहे आणि प्रमाण ठरले आहे पिवळा १.२ टक्के, लाल ०.६ टक्के, निळा ०.२५ टक्के. एक टक्क्याच्या द्रावणांतून ते अनुक्रमे १२०, ६० आणि २५ मिलिलिटर होते. सुताच्या वीसपट पाणी धरले तर एकूण २ लिटर. यातले २०५ मिलिलिटर द्रावणांतूनच आले, म्हणून साधे पाणी १,७९५ मिलिलिटर घ्यायचे. लिटरला ५० ग्रॅम मीठ आणि १५ ग्रॅम सोडा ॲश सांगितला असेल तर मीठ १०० ग्रॅम आणि सोडा ३० ग्रॅम, दोन्ही एकूण २ लिटरवर काढलेले. पाकिटावरील सूचनेत मीठ-सोड्याचे आकडे वेगळे असतील तर तेच पाळावेत. या मिश्रणात सर्वांत कमी असलेल्या निळ्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण तपकिरी हिरवटाकडे झुकेल की लालसराकडे हे बहुधा तोच ठरवतो.

गडद शेडला हा मार्ग गैरसोयीचा. अर्धा किलो सुताला चार टक्के म्हणजे २० ग्रॅम रंग, त्याला एक टक्क्याचे दोन लिटर द्रावण लागेल. अशा वेळी पूड सरळ काट्यावर तोलावी. साधारणपणे कोणताही एक रंग ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त लागत असेल तर पूड, कमी लागत असेल तर द्रावण. काळ्या रंगाला तर सहा-आठ टक्के पूड जाते आणि तिथे थोडी चूक डोळ्याला दिसतही नाही.

नोंद आणि नमुना

प्रत्येक खेपेला वहीत सुताचा नंबर व कोरडे वजन, रंगाचे नाव व लॉट, प्रत्यक्ष पडलेले वजन किंवा मिलिलिटर, पाणी, मीठ, सोडा, तापमान आणि वेळ लिहावे, आणि शेजारी त्या सुताचा बोटभर तुकडा चिकटवावा. तुकडा साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून मगच लावावा. ओले सूत गडद दिसते आणि न धुतलेल्या सुतावर न चिकटलेला रंग असतो. शेड जुळवताना दोन्ही तुकडे दिवसाच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीशी धरावेत. ट्यूबलाइटखाली जुळलेल्या शेड उन्हात वेगळ्या दिसणे नेहमीचे आहे.

नवीन लॉटची बरणी उघडली, की जुन्या आणि नव्या लॉटचे एक टक्क्याचे द्रावण करून दहा-दहा ग्रॅम सुताचे दोन नमुने एकाच वेळी, एकाच प्रकारच्या पाण्यात पण वेगवेगळ्या भांड्यांत रंगवावेत. नवा फिका आला तर किती टक्के वाढवायचा हे आणखी दोन नमुन्यांत कळते, आणि पुढची सगळी वजने त्या हिशेबाने बदलून घ्यावीत. रंगकाम संपल्यावर उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा उघड्या गटारात ओतू नये. ड्रेनेजच्या जोडणीत भरपूर पाण्यासोबत सोडावे. कोरडी पूड सांडलेले कागद ओलेच गुंडाळून पिशवीत बांधून टाकावेत.